बिनखिळ्याचं कपाट

कालव्याला दुसऱ्या वर्षीही पाणी सुटलं नाही, तेव्हा धान्याच्या गोदामानं आपलं मागचं दार कायमचं लावून घेतलं आणि पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या सहा बायांपैकी चौघींना घरी बसवलं. मिस्त्रीची सून त्या चौघींत होती. तिच्या नवऱ्याची तेलाची गिरणी त्याआधीच बंद पडली होती. चार महिन्यांपासून तो शहराबाहेरच्या एका शीतगृहात बटाट्याच्या थप्प्या लावत होता. शीतगृहवाल्यांनी त्याला मागच्या आवारात दोन खोल्या दिल्या होत्या. मुलगी परिचारिकेचं शिकायला त्याच शहरात होती. "या आता तुम्ही दोघं," असा त्याचा दर आठवड्याला फोन यायचा. दर आठवड्याला त्याचा बाप, म्हणजे मिस्त्री, "बघू" एवढंच म्हणून फोन सुनेच्या हातात द्यायचा.

मग पुतण्यानं घराचा सौदा केला.

घर कागदावर मिस्त्रीच्या थोरल्या भावाचं होतं. भाऊ होता तोवर कागदाची आठवण कुणाला झाली नाही. भाऊ गेल्यावर त्याच्या मुलाला ती लगेच झाली. तो दारात आला, चप्पल न काढता उंबऱ्यातूनच म्हणाला, "काका, रविवारपर्यंत मोकळं करून द्या. बियाणेवाल्याला माल ठेवायला हवंय."

मिस्त्री खाटेवर बसला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचं उजवं अंग गेलं होतं. पाय काठीवर परत आला, हात आला नाही. तोंडातून शब्द यायचे, पण एकेक सुटा, मध्ये अंतर ठेवून. त्यानं पुतण्याकडं पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली.

"काय म्हणाले काका?" पुतण्यानं सुनेला विचारलं.

"काही म्हणाले नाहीत भाऊजी."

"मग बरं झालं," म्हणून तो गेला.

बुधवारी सकाळी सुनेनं डोक्याला फडकं बांधलं आणि बांधाबांध सुरू केली. गोदामातून तिनं येताना रिकामी पोती आणली होती, आणि तिची स्वतःची दाभण होती. सगळं घर पोत्यात घालून तोंड शिवून टाकायचं, एवढंच तिला येत होतं आणि ते तिला फार चांगलं येत होतं. भांडी कागदात, कागद चादरीत, चादर पोत्यात. टेबल उलटं करून त्याचे पाय काढले, चारींची मोळी बांधली. खुर्च्या एकीत एक अडकवल्या, मध्ये जुनी उशी घातली, म्हणजे पॉलिशला ओरखडा जाणार नाही. आरशाला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून सुतळीनं आवळलं.

मिस्त्री बघत होता. बघण्यात त्याचा सबंध दिवस जायचा.

"गाठ," तो म्हणाला.

"काय झालं गाठीला?"

"गाढवाची."

"मग गाढवानं येऊन सोडावी," सून पुटपुटली, पण तिनं ती सोडून पुन्हा बांधली. त्याचं म्हणणं बरोबर असायचं, हाच त्याचा त्रास होता. सगळी हयात त्यानं दुसऱ्यांची घरं सजवली होती आणि घरातल्या कुणाला हत्याराला हात लावू दिला नव्हता. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं एकदा त्याच्या पटाशीनं नारळाची करवंटी फोडली होती. तो सहा दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

गुरुवारी दुपारपर्यंत बाहेरची खोली मोकळी झाली. भिंतीलगत पोत्यांची रांग लागली. सुनेच्या कमरेत कळ धरली होती. ती वाकली की सरळ व्हायला वेळ लागायचा, आणि सरळ झाली की पुन्हा वाकायचं जिवावर यायचं. तेवढ्यात पुतण्या आला. बरोबर बियाणेवाला होता, चौकातल्या बियाण्याच्या दुकानाचा मालक, मोजकं बोलणारा. बोलताना खिशातल्या पेनाचं टोपण काढायची आणि लावायची त्याला सवय होती.

दोघं घरभर हिंडले. बियाणेवाल्यानं पावलं टाकून खोल्या मोजल्या. मधल्या खोलीत पुतण्या कपाटाजवळ थांबला. कपाट छताच्या तुळईपासून जमिनीपर्यंत होतं, कोपऱ्यातून निघून अर्धी भिंत व्यापणारं, सागाचं, मिस्त्रीच्या हातचं.

"वहिनी, बाकी सगळं न्या. हे मात्र घराबरोबर राहील," पुतण्या म्हणाला.

"हे कसं राहील? हे सामानच आहे की."

"भिंतीत ठोकलेलं ते घराचं. उचलता येतं ते तुमचं. आता उचला बघू." तो हसला.

सुनेला खरं म्हणजे ते नकोच होतं. तिकडच्या दोन खोल्यांत ते मावेल की नाही याची तिला शंका होती. ती गप्प राहणार होती. पण काठीचा आवाज झाला, आणि मिस्त्री दारात येऊन उभा राहिला.

"खिळा," तो म्हणाला. "नाही."

"काय म्हणता काका?"

"एकही. खिळा. नाही."

"मग एवढं धूड काय थुंकीनं चिकटवलंय?"

मिस्त्रीच्या गालाचा चांगला असलेला भाग लाल झाला. बियाणेवाला पुढं झाला, कपाटाच्या कडेवरून बोट फिरवलं, दार उघडून मिटलं. दाराला बिजागरी नव्हती. लाकडी चुळीवर, खाचेत बसवलेल्या खुंटीवर, ते आवाज न करता फिरलं. "खरंच दिसत नाही हो," तो म्हणाला. "असं करा मिस्त्री. सोडवता आलं तर सोडवा. एकही खिळा निघाला नाही तर घेऊन जा. मला पोती ठेवायचीत, कपाटाचं मी काय करू?"

"पण कशाला उगाच पसारा," पुतण्या घाईनं म्हणाला. "आत पाली असतील, विंचू असतील. राहू द्या आहे तसं."

"विंचू असले तर ते तरी मला कशाला हवेत?" बियाणेवाला म्हणाला, आणि टोपण लावलं.

ते गेल्यावर सून म्हणाली, "मामंजी, राहू द्या ना ते. कोण सोडवणार? हे रविवारी सकाळी येणार टेंपो घेऊन, तेव्हा वेळ कुठला?"

"तू."

"मी?"

मिस्त्री वळला, खाटेखालची लोखंडी पेटी काठीनं पुढं ओढली आणि काठीच्याच टोकानं तिचं झाकण उघडलं. आत त्याची हत्यारं होती. दोन वर्षं कुणी हात न लावलेली, तरीही तेलाचा वास असलेली.

शुक्रवार स्वयंपाकाची जागा आवरण्यात गेला. शनिवारी उजाडताच तिनं कपाट रिकामं केलं आणि मिस्त्रीनं तिच्या हातात लाकडी हातोडा दिला. स्वतः डाव्या हातात खडू घेऊन तो स्टुलावर बसला.

"मागून मार. मेख. मागून."

कपाटात खिळ्याच्या जागी करंगळीएवढ्या लाकडी मेखा होत्या. एका फळीचं टोक दुसरीच्या खाचेत शिरलेलं, आणि दोन्हीतून आरपार ही मेख. मेखेचं बारीक टोक आतल्या बाजूला होतं. त्यावर ठोकली तरच ती बाहेर यायची. दुसरीकडून ठोकली तर आणखी घट्ट बसायची. सून कपाटात अर्धी शिरून, मान वाकडी करून ठोकत राहिली. तीस वर्षांची धूळ तिच्या डोळ्यांत आणि तोंडात गेली. पहिली मेख सुटायला एवढा वेळ लागला की तिला वाटलं, हे काही आपलं काम नव्हे. दुसरी त्याच्या निम्म्या वेळात निघाली.

"हं," मिस्त्री म्हणाला. एवढी शाबासकी तिला त्या घरात पूर्वी मिळालेली नव्हती.

एकेक फळी निघाली की ती त्याच्यासमोर धरायची, तो डाव्या हातानं तीवर आकडा घालायचा. आकडे लहान मुलानं काढल्यासारखे वाकडे येत होते. सातचा आकडा त्याला जमेचना. दोनदा पुसला, तिसऱ्यांदा खडू मोडला. सुनेनं दुसरीकडं पाहिलं. मग फळी जुन्या चादरीत गुंडाळून तिनं पोत्यात घातली, तोंड शिवलं.

दुपारी एक मेख अडली. सुनेचे दंड भरून आले होते. तिनं रागानं हातोडा हाणला, तो घसरला, फळीची कड फुटली आणि बोटभर ढलपी तिच्या तळहातात शिरली. तिनं आधी मिस्त्रीकडं पाहिलं. आता हा काय बोलतो, म्हणून.

"आण," तो म्हणाला.

"फळी?"

"हात."

त्यानं तिची दाभण मागितली. तिचा हात गुडघ्यावर ठेवून, डाव्या हातानं, जीभ दातात धरून तो टोकरत बसला. सुनेनं डोळे मिटून घेतले. एकदा दाभण भलतीकडं टोचली तेव्हा तोच "आई गं" म्हणाला. ढलपी निघाल्यावर त्यानं ती उजेडात धरून पाहिली.

"साग," तो म्हणाला. "चांगला."

सुनेला हसू आलं. वीस वर्षांत दोघं असे जवळ बसले नव्हते. हाताला फडकं गुंडाळून ती परत उठली तेव्हा तिची कंबर दुखतच होती, पण काम हलकं वाटायला लागलं होतं.

चारच्या सुमाराला पुढचा सगळा भाग उतरला. राहिल्या होत्या फक्त पाठीमागच्या तीन रुंद फळ्या, भिंतीला चिकटून उभ्या. तेवढ्यात पुतण्या आणि बियाणेवाला आले. बियाणेवाल्यानं सुट्या फळ्या हातात घेऊन खाचा पाहिल्या, मेखांचा ढीग पाहिला. "कमाल आहे मिस्त्री," तो म्हणाला. "तुमचंच आहे हे. न्या."

"झालं ना मग," पुतण्या पुढं येऊन उभ्या फळ्यांना पाठ टेकत म्हणाला. "दिसलं सगळ्यांना, खिळा नाही. आता मागच्या फळ्या राहू द्या. भिंतीला शोभा येते."

"बाजूला," मिस्त्री म्हणाला.

"काका, ऐका जरा..."

"बाजूला हो." हे दोन शब्द त्याच्या तोंडून सलग निघाले. मग सुनेला, "काढ."

सुनेनं तळातली मेख ठोकली. मधली फळी सुटली आणि पुढं कलली. तिनं ती खांद्यावर झेलली. मागून मातीचा भुगा घरंगळला. बाहेरच्या बाजूला काहीतरी ढपकन पडलं आणि खोलीत उन्हाची एक वाकडी रेघ आली.

भिंत तुळईपासून गुडघ्यापर्यंत फाटलेली होती. बाहेरून पुतण्यानं दोन महिन्यांपूर्वी नवा गिलावा केला होता, त्याचंच ढेकूळ पडलं होतं. बियाणेवाल्यानं बाही वर सारली आणि फटीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. त्यानं हात काढून झटकला.

"हे मला दाखवलं नव्हतं तुम्ही."

"तसं ते जुनं आहे," पुतण्या म्हणाला.

"जुनं आहे म्हणूनच म्हणतोय. दाखवलं नव्हतं." बियाणेवाला दाराकडं निघाला. "बघू सोमवारी. नाहीतर राहूच द्या."

पुतण्या त्याच्यामागं धावला. उंबऱ्यातून तो वळला आणि म्हणाला, "काका, चांगले पांग फेडलेत माझे."

सून फळी खांद्यावर घेऊन अजून तशीच उभी होती. मिस्त्रीच्या तोंडाची एक बाजू हसत होती.

"विकणार. नाही. आता," तो म्हणाला.

सुनेनं फळी हळूच खाली ठेवली.

"तुम्हाला ठाऊक होतं."

तो काठीनं मेखांचा ढीग सारखा करायला लागला.

"मामंजी, तुम्हाला ही भेग ठाऊक होती."

"होती."

"कपाट त्यासाठीच केलं होतंत?"

"भावानं सांगितलं. झाक म्हणून."

"आणि मला सकाळपासून ठोकायला लावलंत. कपाट हवं म्हणून नाही. घर सुटू नये म्हणून." तिचा आवाज चढला नाही. चढवायला अंगात बळ नव्हतं. "पोरीचा पाळणा कुठं बांधला होता मामंजी? ह्याच भिंतीशी ना?"

मिस्त्री हातातल्या खडूकडं बघायला लागला. "कपाटानं. धरली होती," तो म्हणाला.

सुनेनं उरलेल्या दोन फळ्या काढल्या, गुंडाळल्या, शिवल्या. संध्याकाळी त्याचं ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि स्वतः मागच्या दारात बसून जेवली.

रविवारी सकाळी पुतण्या पुन्हा आला. या वेळी त्यानं चप्पल बाहेर काढली आणि बरोबर केळी आणली.

"काका, घाई कसली? राहा की. वर्ष राहा, दोन वर्षं राहा. तुमचं काय, माझं काय." तो खाटेच्या कडेला बसला. "फक्त ते कपाट तेवढं होतं तसं परत लावून टाका. वहिनींना आता जमतंय."

मिस्त्रीनं सुनेकडं पाहिलं. "ऐकलंस? भांडी काढ."

सून पोत्यांच्या रांगेजवळ उभी होती. एकोणीस पोती. प्रत्येकाचं तोंड तिनं दुहेरी टाक्यानं शिवलं होतं. तिनं एक टाका ओढून पाहिला. बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला आणि तिचा नवरा आत आला, थंडीत काम करून ओठ फुटलेला, चार महिन्यांत उतरलेला. त्याला काका-पुतण्यांनी एकदमच सगळं सांगितलं. त्यानं भिंतीतल्या उजेडाकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, मग पायांकडं.

"बाबांचं मन नसेल तर..." तो म्हणाला. "मी करीन येऊन-जाऊन. आत्तापर्यंत करतोच आहे."

सुनेनं पोत्यात शिवलेली एक फळी उचलली आणि बाहेर निघाली.

"ठेव ती," मिस्त्री म्हणाला.

ती गेली, फळी टेंपोत ठेवून आली, दुसरी उचलली. टेंपोवाला तंबाखू थुंकून म्हणाला, "जायचंय की नाही ते तरी ठरवा. मला दुपारची दुसरी खेप आहे." मग तिला एकटीला ओढताना पाहून त्याला राहवलं नाही, तो खाली उतरला आणि टेबलाला हात लावला. थोड्या वेळानं नवराही लागला. पुतण्या जरा वेळ उभा राहिला, "नंतर येतो" म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. केळी तिथंच राहिली.

फळ्या तळाला, त्यावर टेबल, मध्ये खुर्च्या, फटींत गाद्या, वर पोती. तासाभरात घर मोकळं झालं. बोललं तर आवाज घुमायला लागला. एक खाट तेवढी राहिली आणि खाटेवर मिस्त्री, काठी मांडीवर आडवी घेऊन. नवरा दारात घोटाळला, पण बापाला उठा म्हणायचं त्याच्या तोंडात येईना.

सून आत आली आणि खाटेवर मिस्त्रीशेजारी बसली. असं ती त्याच्या बरोबरीनं कधी बसली नव्हती. तिच्या हाताचं फडकं काळं झालं होतं.

"भिंत," मिस्त्री म्हणाला. "तीस वर्षं. उभी आहे. पडली नाही."

"मीही वीस वर्षं उभीच आहे मामंजी. पडले नाही. म्हणून काय झालं?"

त्यानं तिच्या हाताच्या फडक्याकडं पाहिलं.

"मी भांडत नाही. दमलेय," ती म्हणाली. "तिकडं नळ घरात आहे. पोर सुट्टीला जेवायला येईल. ह्यांच्या ओठांना बघा काय झालंय. तिथं कुणी तेल लावा म्हणायला नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी तुम्हाला टाकून जाणार नाही. हे सगळं सामान परत खाली उतरवीन. तेवढं अंगात नाही, पण उतरवीन. आता तुम्ही सांगा."

बाहेर टेंपोवाल्यानं इंजिन सुरू केलं आणि कुणी येत नाही असं बघून बंद केलं. मिस्त्री भिंतीकडं पाहत होता. उन्हाची रेघ फरशीवर सरकत त्याच्या पायापर्यंत आली होती. त्यानं पाय मागं घेतला.

"लावणार. कोण?" त्यानं विचारलं. "तिकडं."

"मी लावीन. तुम्ही सांगाल तसं."

"सात," तो म्हणाला. "सात नंबर. खाली. चुकतील लोक."

"नाही चुकणार."

त्यानं काठी टेकली. उठताना त्याचा डावा हात तिच्या खांद्यावर पडला, सगळ्या भारासकट. सून एकदा हलली आणि ठाम राहिली. तसाच त्यानं उंबरा ओलांडला. बाहेर आल्यावर टेंपोवाल्यानं खाट उभी करून चढवायला घेतली तसा तो खेकसला, "आडवी! आडवी धर. पाय मोडशील तिचे."

"बरं बाबा, आडवी," टेंपोवाला म्हणाला.

पुढं दोघांचीच जागा होती. नवऱ्यानं बापाला आत बसा म्हणून सांगून पाहिलं. मिस्त्रीनं मान हलवली आणि टेंपोच्या मागच्या बाजूकडं बोट दाखवलं. मग त्याला दोघांनी उचलून मागं सामानातच खाटेवर बसवलं. सून त्याच्याशेजारी बसली, पोत्यांना टेकून. नवरा पुढं गेला.

गल्लीतून टेंपो बाहेर पडला. कोरडा कालवा उजव्या हाताला काही वेळ बरोबर आला. सून काहीतरी बोलणार होती, पण चौक ओलांडायच्या आतच तिची मान लवंडली. तोंड उघडं पडलं, हात मांडीत उलटे झाले. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला तिचं डोकं टेंपोच्या लोखंडी दांड्यावर आपटत होतं आणि तरीही ती जागी होत नव्हती.

मिस्त्रीनं काठी पायांत धरली. जरा पुढं सरकला, डावा हात लांबवून दांडा आणि तिचं डोकं यांच्यामध्ये घातला, आणि तसाच बसून राहिला. खड्डा आला की हाताच्या पाठीला लागायचं. तो रस्त्याकडं बघायचा आणि पुढचा खड्डा दिसला की बोटं घट्ट करायचा.